दुष्काळ सर्वांचा, झळ कोणाला किती?
(सभासद अभ्यासवर्गासाठी पाठ)



पाऊस दडी मारतो तेव्हा तो सगळ्यांच्याच शिवारात मारतो. ढग काही सातबारा बघून येत नाहीत, असे आपण चावडीवर बोलतो आणि ते खरेही आहे. पण न पडलेल्या पावसाची झळ मात्र सातबारा बघूनच लागते. कोणाला ती पायाला लागते, कोणाला गळ्याशी येते. हे कसे होते, याचा विचार आपण उसाच्या बागायतदारांनी केला पाहिजे, कारण दुष्काळाशी आपल्या कारखानदारीचे नाते वाटते त्याहून जुने आहे.

नुकसान मोजायचे कसे?

आधी एक सोपा हिशेब मांडू. समजा, एकाच गावात तीन घरे आहेत. पहिल्याचा चार एकर ऊस आहे. पाणी कमी पडल्याने एकरी चाळीस टनांचा उतारा पंचवीसवर आला. म्हणजे साठ टनांची घट. टनाला तीन हजार धरले तर १,८०,००० रुपये गेले. दुसऱ्याची पाच एकर जिराईत. पेरलेले उगवले नाही ते नाहीच, शिवाय वैरण संपली म्हणून लाखाची बैलजोडी आठवडी बाजारात साठ हजाराला द्यावी लागली. तिसऱ्याला जमीनच नाही. त्याचे ऐंशी दिवसांचे काम बुडाले. तीनशे रुपये रोजाने ते २४,००० रुपये झाले.

कागदावर सर्वांत मोठे नुकसान पहिल्याचे दिसते, सर्वांत लहान तिसऱ्याचे. आता दुसऱ्या वर्षी चांगला पाऊस झाला असे धरा. पहिल्याला सोसायटीचे पीककर्ज मिळते, खोडवा फुटतो, दोन हंगामांत गाडी रुळावर येते. दुसऱ्याला पेरणीची वापसा आली तरी औताला बैल नाहीत. भाड्याचे औत गावात सगळ्यांची पेरणी झाल्यावर त्याच्या बांधावर येते. तिसऱ्याने मुकादमाची उचल घेऊन पोटं भरली. ती फेडायला तो नवरा-बायकोच्या कोयत्याने परमुलखात जातो आणि पोरगी शाळेतून निघते ती निघतेच. म्हणजे नुकसान किती झाले, यापेक्षा ते सोसायला घरात काय होते, यावर पुढची पाच-दहा वर्षे ठरतात.

पंचनाम्याची रीतही ध्यानात घ्या. दुष्काळ जाहीर झाला की सवलती येतात: जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, पीककर्जाचे पुनर्गठन, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, टँकर, रोजगाराची कामे. यातल्या पहिल्या तीन घ्यायला नावावर जमीन, पंप, कर्जखाते असावे लागते. पिकाची मदतही हेक्टरावर मिळते. ज्याची फक्त मजुरी बुडाली, त्याच्या बुडालेल्या दिवसांचा पंचनामा कोणी तलाठी करीत नाही.

धान्य आहे, पण घेणार कोण?

इंग्रजी अमदानीत १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या मुलखांत मिळून पन्नास लाखांवर माणसे दगावली. त्या काळी रेल्वे होती, बाजारात धान्य येत-जात होते, देशाबाहेर गहूदेखील जात होता. पण आधीच सावकारी कर्जात बुडालेल्या कुणब्याच्या आणि मजुराच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता. दुष्काळी कामावर मजुरी किती द्यावी, तर सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले, दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर एक आणा. १८७७ च्या जानेवारीत ही मजुरी मुंबई इलाख्यात लागू झाली तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे लावून धरली.

पुढे १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा अभ्यास मांडला. त्यांना असे आढळले की निव्वळ धान्याच्या तुटवड्याने एवढे मरण ओढवले नव्हते. युद्धकाळात भाव चढले, मजुरी त्या मानाने चढली नाही. शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर हे आधी बळी पडले. ज्याच्या घरी स्वतःच्या वाट्याचे भात होते, तो पुष्कळसा तगला. आपल्याकडेही हेच. शेतकऱ्याचे पीक गेले की तो नवा सदरा शिवत नाही, गाडगी-मडकी घेत नाही. मग शिंप्याची, कुंभाराची चूल त्याच्याही आधी थंड होते.

बहात्तर साली काय वेगळे झाले?

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात: मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली. दोन वर्षे पाऊस तुटपुंजा होता आणि बहात्तरला तर त्याने पाठच फिरवली. राज्यातले धान्याचे पीक निम्म्याखाली आले. अठराशे शहात्तरच्या मानाने माणसे मेली असती तर आकडा केवढा झाला असता! तसे झाले नाही. का?

सरकारने गावोगाव कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. दहा-पंधरा एकरांचे जिराईतदारही लाज बाजूला ठेवून हातोडा घेऊन बसले. मजुरी थोडी होती, कधी उशिरा मिळे, ऊन तर विचारूच नका. पण आठवड्याला हातात रोकड पडत होती. रोकड होती म्हणून बाजारात गरिबाचीही मागणी उभी राहिली, आणि असलेला तुटवडा सगळ्या थरांत थोडाथोडा वाटला गेला. श्रीमंताच्या ताटातलीही एखादी भाकरी कमी झाली, तेव्हा गरिबाच्या ताटात अर्धी राहिली.

याच अनुभवातून रोजगार हमी पक्की झाली. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असा हा मामला होता. देशाने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा धडा होता.

आता धान्य आहे, पाणी नाही

जुनी माणसं म्हणतात, "बहात्तरला धान्य नव्हतं, पण पाणी होतं. आता धान्य आहे, पाणी नाही." यात मोठा अर्थ आहे. त्या वेळी विहिरीत दोन परस खाली का होईना, पाणी लागत होते आणि ते पोहऱ्याने शेंदून कोणालाही काढता येत होते. आता पाणी पाचशे-सहाशे फुटांवर गेले. तिथवर पोचायला बोअरचे यंत्र, केसिंग, मोठी मोटार लागते. ज्याच्याजवळ पैसा तो खाली जातो. तो खाली गेला की शेजाऱ्याची साधी विहीर आटते. म्हणजे एकाचा दुष्काळ हटतो आणि तोच दुसऱ्याच्या दारात लोटला जातो. यात कोणाच्या मनात वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

२०१६ साली लातुरात पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. ज्यांची ऐपत होती त्यांनी टँकर विकत घेतले. बाकीचे घागरी मांडून रांगेत बसले. रांगेत बसलेल्या बाईचा रोज बुडतो, हाही पाण्याचाच भाव झाला, आणि तो गरीबच देतो.

आपल्या उसाचे पाणी कोठून आले?

आता जरा घरचे बोलू. ज्या कालव्यांवर महाराष्ट्रातली साखर कारखानदारी उभी राहिली, ते नीरेचे, गोदावरीचे, प्रवरेचे कालवे इंग्रजांनी दुष्काळनिवारणासाठी म्हणून काढले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. जिराईत ज्वारी-बाजरी हाती यावी, हा मूळ हेतू. पण बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कोणी पाणी घेईना, पाणीपट्टी येईना. मग पाणी उसाकडे वळले. तरीही ते मोजक्याच गावांत मुरू नये, अधिक गावांना मिळावे, म्हणून विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आखली होती. त्याच पट्ट्यांत पुढे आपले सहकारी कारखाने निघाले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी रोवलेल्या सहकाराची चिपाडे पहिल्यांदा पडली ती १९५०-५१ च्या हंगामात.

आज राज्यात लागवडीखालील जमिनीच्या फार थोड्या भागावर ऊस आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो घेतो. रब्बी ज्वारीच्या चार-पाच पट पाणी उसाला लागते. ऊस लावू नका असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आपली घरे, शाळा, दवाखाने त्यावर उभे आहेत. पण दुष्काळासाठी आलेले पाणी आपल्याकडे आहे, तेव्हा दुष्काळाच्या वर्षी त्याचा हिशेब आपल्याला विचारला जाणार, आणि विचारणाऱ्याचे चुकणार नाही.

दुसरे असे की आपला ऊस तोडायला जी टोळी येते, ती बहुतांशी बीड, नगर, जालना या दुष्काळी भागांतून येते. बहात्तरनंतर हा ओघ वाढत गेला. आपल्या बांधाला कोपी घालून राहणाऱ्या त्या माणसांकडे पाहिले की कळते, एकाच आभाळाखाली एकाची लागण आणि दुसऱ्याची परागंदा कशी होते.

करता येण्यासारखे

सहकार म्हणजे तरी काय? एकट्याला न पेलणारा धोका अनेकांनी मिळून उचलणे. तो आपण ऊसदराबाबत, कर्जाबाबत केला. तोच पुढे न्यायचा आहे. ठिबक करणाऱ्या सभासदाने वाचलेल्या पाण्यातून आणखी ऊस लावला, तर गावाला थेंबही उरत नाही. म्हणून वाचलेल्या पाण्याचे काय करायचे, ते गावाने बसून ठरवावे. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांत ऊस आणि वाढे जनावरांपुढे पडले. ही व्यवस्था आयत्या वेळी करण्याऐवजी गटवार आधीच लावून ठेवता येईल. टोळीच्या कोपीपर्यंत पिण्याचे पाणी आणि साखरशाळा या गोष्टी उपकार म्हणून न धरता हंगामाच्या खर्चात धराव्यात.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या गावात मागच्या दुष्काळात कोणी जनावरे विकली? त्यांतल्या किती घरांत ती परत आली?

२. गावातील किती विहिरी शेजारच्या बोअरमुळे आटल्या? त्या कोणाच्या होत्या?

३. पुढच्या वर्षी पाऊस निम्मा झाला, तर पहिले पाणी कोणाला, दुसरे कोणाला, आणि उसाचा नंबर कितवा? हा ठराव पाऊस पडतो आहे तोवरच करता येईल काय?

उत्तरे गटाच्या वहीत लिहून शेतकी खात्याकडे द्यावीत. बैठकीला भूमिहीन कुटुंबांतील दोन माणसांना, त्यांत एका बाईला, अगत्याने बोलवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी त्यांच्याकडून ऐकावे.