गर्भपात करायचाय: सही कुणाची, पैसे किती, जायचं कुठं?

पहिलं काम, आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पाळी चार दिवस लांबली की पाचवा आठवडा चालू असतो. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं. 20 पर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक साधन फेल गेलं हे कारण चालतं. 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक कारणांसाठी: बलात्कार, अल्पवय, वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातला गंभीर दोष. अविवाहितेलाही ही मुदत मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं आहे. बलात्काराच्या कारणासाठी एफआयआरची प्रत लागत नाही.

सही फक्त तुमची, फॉर्म सी वर. 18 वर्षं पूर्ण असतील तर नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईवडिलांची नाही. तरीही काउंटरवर "मिस्टरांना घेऊन या" ऐकावं लागतं. तिथे "कायद्याला माझी सही पुरते" एवढंच म्हणा आणि जागा सोडू नका. एकेक फेरीत एकेक आठवडा जातो. वय 18 च्या आत असेल तर पालकांची संमती लागते. पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना तिचं नाव द्यावं लागत नाही. तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पैसे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. सातारा-सांगलीत कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. मिरज आणि सांगलीचं सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे; तिथे केसपेपर, सोनोग्राफीचं शासकीय दराने थोडंफार शुल्क पडू शकतं. "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी दिली तर औषध आत का नाही, हे विचारा.

खासगीत आधी दरपत्रक बघा. ते लावणं नर्सिंग होमला बंधनकारक आहे. 'पॅकेज' सांगितलं की त्यात काय धरलंय ते लिहून घ्या: तपासणी, रक्त, भूल, खोली, औषधं, नंतरची सोनोग्राफी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन सहसा वेगळं लावतात आणि ते महाग असतं. "गुपचूप करायचं तर जास्त लागतील" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, त्याचे पैसे नसतात. पावती घ्याच.

भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, शोधा. ते दिसेल असं लावायचं असतं. किती आठवड्यांपर्यंत मान्यता आहे तेही त्यावर वाचा. काही ठिकाणांना 12 पर्यंतचीच असते. प्रमाणपत्र नसेल तर स्वस्त असलं तरी नको. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला अशाच ठिकाणी गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि ओढ्याकाठी 19 स्त्रीभ्रूण सापडले. ते दुकान एक होमिओपॅथ चालवत होता. मुलगा की मुलगी विचारून केलेला गर्भपात कायद्यात बसत नाही, कुठल्याच आठवड्यात. आणि कायद्याबाहेरचा गर्भपात आजही गुन्हाच आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम 88, त्यात बाईही येते. म्हणून मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून घरी घेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी असूनही अनेक दुकानं चौकशीच्या धास्तीने गोळ्या ठेवत नाहीत; तेव्हा त्या दवाखान्यातूनच मागा. तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि ते दोन तास थांबलं नाही, किंवा ताप उतरेना, तर थेट सिव्हिल गाठा.

24 आठवडे उलटले आणि गर्भात गंभीर दोष निघाला, तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज जातो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं आणि पाच दिवसांत काम व्हायचं. अर्जाची पोच तारखेसह घ्या, दिवस तिथूनच मोजले जातात. नकार लेखी मागा. न्यायालयात जावं लागलं तर आता मुंबई गाठायला नको: सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. वकिलाचे पैसेही लागत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला, तिचं उत्पन्न न विचारता, मोफत वकील देतं; त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं.