विडी सोडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या काही उपदेशक बंधूंनी आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. तो असा की, विडी सोडण्याचा निश्चय पुष्कळ जण मनापासून करितात. पहिला दिवस मोठ्या उमेदीने काढितात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पुन्हा पानपट्टीपाशी उभे असलेले दिसतात, आणि मग लाजेने उपदेशकाची वाट चुकवितात. अशा मनुष्याविषयी काय समजावे, व त्याच्यासाठी काय करावे? आजच्या पाठात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहो. विडी वाईट आहे हे सांगण्यात आम्ही जागा घालविणार नाही. ते न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्यास अधिक ठाऊक असते. त्याचा खोकला त्यास रोज पहाटे ते सांगत असतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, चौथ्या दिवशी जो पडला त्याचा निश्चय खोटा नव्हता. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुराबरोबर ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व तेथे घटकाभर समाधान उत्पन्न करिते. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. वर्षानुवर्षे या देवघेवीची सवय झालेल्या शरीरास ते एकाएकी मिळेनासे झाले म्हणजे काही तासांतच तगमग सुरू होते. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ती अत्यंत तीव्र असते, आणि पुढे उतरत जाऊन दोन ते चार आठवड्यांत बहुतेक निवते. या काळात मनुष्य चिडखोर होतो, त्यास झोप नीट लागत नाही, कामात चित्त राहत नाही, भूक वाढते, मन उदास होते. कित्येकांचे पोट साफ होत नाही. काहींचा खोकला तर आरंभी वाढतो, आणि ते म्हणू लागतात, "विडी होती तेव्हाच बरे होते." वाचकहो, तापाने फणफणलेल्या मनुष्यास आपण आळशी म्हणत नाही. ही तगमगही तापासारखीच चढते व उतरते. ती कोणत्या दिवशी चढणार हे आधीच ठाऊक असलेला मनुष्य तिला कमी भितो.

आणखी एक गोष्ट रोग्याच्या सोबत्याने जाणावी. विडीची तलफ दिवसभर एकसारखी राहत नाही. ती लाटेसारखी येते, काही मिनिटे जोर करिते व ओसरते. पाच-दहा मिनिटे कोणीतरी बोलत बसले, हाताला काम मिळाले, पाणी प्याले, की पुष्कळदा ती निघून जाते. म्हणजे मदत करणाऱ्याने सारा दिवस पहारा द्यावयाचा नाही; ती पाच-दहा मिनिटे गाठावयाची आहेत.

एकट्याने सोडणाऱ्यांचे काय होते? कोणत्याही मदतीवाचून सोडणाऱ्यांविषयीच्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसले की, पुन्हा ओढू लागणाऱ्यांपैकी बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच पडतात, आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरांत तीन ते पाचच असतात. हा आकडा ऐकून कोणी निराश होऊ नये. त्यातून इतकेच सिद्ध होते की, पहिला आठवडा ही घाटाची चढण आहे, व तेथे बैल एकटा सोडू नये.

उलट पक्षी, सोबतीचे बळ किती असते याचाही दाखला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या प्रसिद्ध आरोग्यपाहणीत 1971 पासून 2003 पर्यंत 12,067 माणसांच्या सवयी व नातीगोती यांची नोंद राहिली. 2008 साली तिचा जो निष्कर्ष छापला गेला त्यात असे आढळले की, नवराबायकोंपैकी एकाने धूम्रपान सोडले असता दुसरे ओढीत असण्याचा संभव शेकडा 67 नी कमी होतो. मित्राने सोडले असता शेकडा 36 नी, आणि भावाने वा बहिणीने सोडले असता शेकडा 25 नी. सारख्या स्वभावाची माणसे एकमेकांजवळ येतात हेही या आकड्यांत थोडेबहुत मिसळलेले असेल, असे आमचे मत आहे. तथापि माणसे टोळीटोळीने ओढितात व टोळीटोळीनेच सोडितात, ही गोष्ट आपल्या गावच्या पारावर बसणाऱ्या कोणासही पटेल.

आमच्या पाहण्यातील एका गावी चौघांनी मिळून हा प्रयोग केला. त्यांत एक गवंडी, एक ट्रॅक्टर चालविणारा व दोघे शेतकरी होते. बाजाराचा दिवस टाळून त्यांनी सोमवार धरला. पहिली विडी अंथरुणातून उठताच लागते हे त्यांस ठाऊक होते. म्हणून चौघांनी पहाटेच चावडीपुढे जमून ओढ्यापर्यंत चालत जाण्याचे ठरविले. उरलेली बंडले व काडीपेट्या आदल्या रात्री चुलीत गेल्या. तलफ आली तर आधी फोन करावयाचा व मग काय ते ठरवावयाचे, असा त्यांचा करार होता. फोनवर फारसे बोलणेही होत नसे. "हं, आली." "येऊ दे. पाणी पी. बैलांना चारा टाकलास का?" इतक्यात ती जाई.

तिसऱ्या दिवशी गवंडी परांचीवर दोन विड्या ओढला, आणि संध्याकाळी आलाच नाही. बाकीचे तिघे त्याच्या घरी गेले. तो तोंड फिरवून बसला होता. त्यांतील वडील शेतकरी म्हणाला, "अरे, दोन ओढल्यास. तिसरी नाही ना ओढलीस? मग ऊठ, आणि वहिनींना चहा ठेवायला सांग." गवंडी म्हणाला, "तात्या, माझ्याच्याने नाही व्हायचे." तात्यांनी त्यावर उपदेश केला नाही. त्यांनी विचारिले, विडी कोणी दिली, किती वाजता, व हातात त्या वेळी काय होते. तेव्हा कळले की, अकराच्या सुमारास माल कालविण्याची वाट पाहत हात रिकामे असतात, व मजूर विडी पुढे करितात. दुसऱ्या दिवसापासून गवंड्याच्या खिशात फुटाणे आले, आणि बरोबर अकरा वाजता ट्रॅक्टरवाल्याचा फोन वाजू लागला. वर्षानंतर आम्ही त्या गावी गेलो तेव्हा चौघांपैकी तिघे विडीवाचून होते, आणि त्यांत हा गवंडी होता. चौथा, जो पहिल्या आठवड्यात सर्वांत कणखर दिसला, तो मुलीच्या लग्नाच्या घाईत पुन्हा ओढू लागला. त्याची दुसरी खेप चालू होती.

तात्यांनी जे केले ते उपदेशकांनी नीट पाहावे. पडलेल्यास तो का पडला असे विचारणे निराळे, आणि कोठे, केव्हा पडला असे विचारणे निराळे. पहिल्याने लाज वाढते. दुसऱ्याने उद्याची तजवीज होते. सोबत्याने तोंडाचा वास घेऊ नये, खिसे चाचपू नयेत, मुलांस हेर करू नये. सभेत सर्वांसमक्ष नाव घेऊन कोणास उभे करू नये. ज्याचे नाव आज मोठ्याने घेतले तो उद्या पडला तर मंडळीतच येणार नाही. शक्य तोवर सोबती असा असावा की ज्याने स्वतः सोडली आहे किंवा बरोबर सोडीत आहे. आम्ही पाळक लोक पुष्कळदा या कामास कमी उपयोगी पडतो, कारण आमच्यापुढे मनुष्य खरे सांगावयास भितो.

घरच्या माणसांनीही काही गोष्टी जाणाव्या. धुराने शरीरात चहातील कॅफीन लवकर निकाली निघत असते. विडी बंद झाली की तोच चहा अंगात अधिक वेळ राहतो, व धडधड, हात कापणे, रात्र जागणे असे त्रास होतात. आणि बिचारा मनुष्य समजतो की हे सारे विडी सोडल्याचेच. पाच कप घेणाऱ्याने दोन-तीनांवर यावे, व संध्याकाळनंतर घेऊ नये. याच कारणाने दम्याच्या व मनोविकाराच्या काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते. मधुमेहाचे औषध, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यानेही रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे. अशी औषधे घेणाऱ्याने आपण विडी सोडीत आहो हे डॉक्टरांस अवश्य सांगावे. या दिवसांत घरात चार शब्द कडू ऐकावे लागतील. ते तंबाखूचे शब्द आहेत असे समजून सोडून द्यावे.

येथे एका मोठ्या फसवणुकीविषयी लिहिणे प्राप्त आहे. विडी सोडून मनुष्य तंबाखू मळू लागतो, व सर्वांस वाटते की तो सुटला. हे सुटणे नव्हे. द्रव्य तेच राहिले, केवळ दार बदलले, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय त्या दारानेही येतेच. 2016-17 सालच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांपैकी धूम्रपान करणारे चारच्या आसपास होते. पण चघळण्याची, लावण्याची तंबाखू घेणारे चोवीस होते. त्यांत आमच्या भगिनीही आहेत. भाजलेल्या तंबाखूची मिश्री ही दात घासण्याची पूड आहे असे मानून ज्या दिवसातून तीन-चारदा ती लावितात, त्यांची तगमग नवऱ्याच्या तगमगीपेक्षा निराळी नसते. तेव्हा एका घरात विडी व मिश्री दोन्ही असतील तर ती एकाच दिवशी सुटावी हे बरे. नवराबायकोइतके जवळचे सोबती दुसरे कोण?

कोणी म्हणतील, ही बापजाद्यांची चाल आहे. पण हे रोप आपल्या देशाचे नव्हे; ते पोर्तुगीजांबरोबर आले. अकबराचा वकील असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुराहून तंबाखू बादशहापुढे नेली, तेव्हा दरबारच्या हकिमाने तिला हरकत घेतली होती. आणखी कोणी म्हणतील, वय झाले, आता काय उपयोग? इंग्लंडातील डॉक्टरांची पन्नास वर्षे जी पाहणी झाली तिचा निष्कर्ष 2004 साली आला: सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी घटते; पण तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास ती सुमारे दहाही परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यासही तीन. नातवाचे लग्न पाहावयास तीन वर्षे पुष्कळ होतात.

ज्यांची तलफ फार भारी आहे, म्हणजे उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्यांस विडी लागतेच, त्यांनी औषधाची लाज धरू नये. निकोटीनचा गोंद 2 व 4 मिलिग्रॅमचा मिळतो. कोणता घ्यावा हे डॉक्टरांस विचारावे. तो चिंचेच्या गोळीसारखा भराभर चघळावयाचा नसतो. हळू चावून तिखट चव आली की गालात धरून ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा. भारत सरकारने 2016 साली तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी विनामूल्य फोनची सोय सुरू केली. तिचा क्रमांक 1800-11-2356 हा आहे. ज्या गावी सोबती मिळत नाही तेथील मनुष्यास हाही एक सोबती होय.

पंधरा दिवस निघाले म्हणजे रोजची भेट आठवड्यावर आणावी, पण मोडू नये. विडीसाठी जाणारा पैसा डब्यात टाकीत गेल्यास तो मोजण्याचे निमित्तही भेटीस पुरते. लग्न, जत्रा, पेरणीची धांदल व मयत, हे दिवस आधीच ओळखून ठेवावे. अशा दिवशी विडीचे ताट पुढे फिरते. त्या वेळी दोघा जोडीदारांनी एकाच पंगतीस, शेजारी शेजारी बसावे, आणि जेवण होताच एकत्र उठून घराकडे चालू लागावे.