शेवंतीवरचे दिवे आणि त्यांचे चोक

पाऊस ओसरला, कोजागिरी झाली की दिवस भराभर आखडू लागतो. शेवंतीला नेमके हेच हवे असते. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की ती वाढ आवरती घेते आणि कळीच्या मागे लागते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास येतो, म्हणजे आता पॉलिहाउसात लावलेले रोप वीतभर असतानाच कळी धरणार. आखूड दांड्याच्या फुलाला बाजारात कोण विचारतो? म्हणून लागवडीनंतर पहिले काही आठवडे रात्री दहा ते दोन दिवे लावून रोपाची रात्र मधोमध तोडायची, हे उत्पादकांना आता सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते दिव्यांबद्दल.

कारण एक बल्ब गेला आणि चार-सहा रात्री कुणाच्या लक्षात आले नाही, तर नुकसान बल्बच्या किमतीएवढे नसते. त्या बल्बखालचा वाफा शेजारच्या वाफ्याआधी कळीवर येतो. मग एकाच बेडवर काही दांडे गुडघ्याएवढे, काही कंबरेएवढे. एकसारखी तोडणी हाती लागतच नाही.

मागच्या हिवाळ्यात मावळातल्या एका पॉलिहाउसात गेलो होतो. मालकांनी गेलेले सीएफएल एका क्रेटमध्ये जमवून ठेवले होते, चाळीसच्या वर. लागवडीच्या वेळी बसवलेले, फूल येण्याआधी गेलेले. “कंपनी बोगस आहे,” ते म्हणाले. मी दोन बल्ब हातात घेतले. दोन्हींच्या नळ्या बुडाशी काळ्या पडलेल्या, जणू आतून काजळी धरली होती. टाइमर बघितला तर दर अर्ध्या तासाला सहा मिनिटे चालू, चोवीस मिनिटे बंद. वीज वाचवायला कुणीतरी सांगितले होते. सल्ला चुकीचा नव्हता. सलग चार तास उजेड न देता असा तुकड्यातुकड्याने दिला तरी शेवंती फसते, हे पूर्वीपासून माहीत आहे. फक्त ही पद्धत बसली तेव्हा शेतात तारेचे पिवळे बल्ब होते. सीएफएलला ती मानवत नाही.

याचे कारण नळीच्या टोकाशी आहे. ट्यूब असो वा सीएफएल, दोन्ही टोकांना तारेची बारीक वेटोळी असतात आणि त्यांवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. दिवा पेटताना तार तापायच्या आधीच चोकने विजेचा दणका दिला, तर तो लेप कणाकणाने उडून काचेवर बसतो. तेच ते काळे टोक. लेप संपला की दिवा संपला, मग नळीतली पावडर कितीही चांगली असो. म्हणजे या दिव्यांचे आयुष्य तासांत मोजण्याआधी पेटण्यांत मोजायला हवे.

हिशेब सोपा आहे. डब्यावर लिहिलेले ६००० तास साधारण तीन तासांच्या पाळीवर मोजलेले असतात. म्हणजे तो बल्ब सुमारे २००० वेळा पेटवलेला धरला आहे. दहा ते दोनमध्ये दर अर्ध्या तासाला एकदा, म्हणजे रात्रीत आठ वेळा पेटवला, तर २५० रात्रींत तेवढ्या पेटण्या होऊन जातात. जळण्याचे तास मात्र जेमतेम २०० भरतात. हा ढोबळ अंदाज झाला. चोक हलका असेल तर प्रत्यक्षात यापेक्षाही लवकर जातो. शिवाय सीएफएलला पूर्ण उजेडावर यायला मिनिटभर तरी लागते, म्हणजे सहातले एक मिनिट तसेही वाया.

तेव्हा सीएफएल असतील तर चार तास सलग लावा. तुकड्यांनी लावायचे असेल तर एलईडी घ्या. त्यात तापायची तारच नसते, चालू-बंदचा असा घाव तिला बसत नाही. आणि तुकड्यांचा खरा फायदा एलईडीवर असा घेता येतो: पॉलिहाउसचे पाच भाग करून प्रत्येकाला आळीपाळीने सहा मिनिटे द्यायची. एका वेळी पाचवा हिस्साच भार पडतो, वायर आणि जनरेटर दोन्ही लहान चालतात.

आता डिमरचा प्रश्न. रोप लहान असताना उजेड थोडा कमी केला तर बल्ब जास्त टिकेल का, असे बरेच जण विचारतात. उत्तर दिव्याच्या जातीवर आहे.

तारेच्या पिवळ्या बल्बला डिमर अमृतासारखा. व्होल्टेज पाच टक्के कमी मिळाले तरी त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रात्री शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की भार उतरतो आणि व्होल्टेज चढते. २३० च्या जागी २५३ आले, म्हणजे फक्त दहा टक्के जास्त, तर पिवळ्या बल्बचे आयुष्य तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येते. दिवे नेमके त्याच वेळी लागलेले असतात. रात्री अकराला मीटर लावून एकदा व्होल्टेज बघाच. दिवसा बघून उपयोग नाही.

ट्यूब आणि सीएफएलला साधा डिमर लावू नका. विद्युतप्रवाह कमी झाला की टोकाची तार थंड पडते आणि थंड तारेवरून लेप जास्त झडतो, म्हणजे मंद उजेडात दिवा उलट लवकर मरतो. ट्यूब मंद करायचीच असेल तर तारेला वेगळी ऊब देत राहणारा खास चोक मिळतो, तोच हवा. शेतकऱ्याने त्या फंदात पडू नये असे मला वाटते. उजेड जास्त होत असेल तर दिवे वर उचला.

सोडियमचे दिवे काही जणांनी रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांतून आणून लावले आहेत. त्यांच्यात दिवा, चोक आणि इग्नायटर हे त्रिकूट जुळले पाहिजे. २५० वॅटचा दिवा ४०० वॅटच्या चोकवर लावला की सुरुवातीला डोळे दिपतील असा उजेड देतो आणि थोड्याच दिवसांत बसतो. दिवा म्हातारा झाला की तो आपणच विझतो, थंड होऊन पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. हे दिसताच बदलावा. तसाच ठेवला तर इग्नायटर आणि चोक दोन्ही घेऊन जातो. इलेक्ट्रॉनिक चोकवर ५० आणि ७५ टक्क्यांची कळ असेल, तर आधी पंधरा मिनिटे पूर्ण उजेडावर तापू द्यावा, मगच खाली आणावा. निम्म्याच्या खाली नेऊ नये. मेटल हॅलाइडला तर मंद करूच नये, त्याचा रंग बिघडतो आणि आतली नळी काळवंडते.

एलईडीचे गणित वेगळे. तिच्या चिपला मंद उजेड मानवतो, कारण उष्णता कमी होते. पण एलईडीत आधी जातो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे तिचा चोकच म्हणा. त्यात एक छोटा गोल कॅपॅसिटर असतो. गेलेला एलईडी बल्ब उघडून बघा, त्या कॅपॅसिटरचे डोके तव्यावरच्या फुलक्यासारखे फुगलेले दिसेल. त्याच्याभोवतीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून पाऊस-फवारणीपासून वाचवायला बल्बवर प्लास्टिकची पिशवी बांधणे, हा आपल्याकडचा सर्रास उपाय, बल्बला आतून शिजवतो. वरून छत्रीसारखे झाकण द्या, खालून हवा खेळू द्या. आणि पंख्याचा रेग्युलेटर लावून साधा एलईडी बल्ब मंद करायचा प्रयत्न कुणीही करू नये. बल्ब लुकलुकतो, ड्रायव्हर तापतो आणि हंगामाच्या मध्यात रांगच्या रांग बसते. डब्यावर ‘डिमेबल’ असे लिहिले असेल आणि सोबत त्याच जातीचा डिमर असेल तरच.

एक गोष्ट गुलाबवाल्यांसाठीही. भुरीवर गंधकाची धुरी देता तेव्हा ती वाफ एलईडीच्या आतल्या चांदीच्या मुलाम्याला खाते. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते तसेच हे. दिवा पेटलेला राहतो पण उजेड मंदावत जातो, आणि डोळ्याला ते कळत नाही. धुरीच्या वेळी दिवे बंद व थंड ठेवा. नवे घेणार असाल तर पक्के सीलबंद घ्या.

टिश्यू कल्चरची रोपे करणाऱ्या केळीच्या प्रयोगशाळांत सोळा-सोळा तास ट्यूब जळतात. तिथे पेटण्यांचा नव्हे तर उष्णतेचा त्रास. ४० वॅटच्या जुन्या पत्र्याच्या चोकमध्ये दहा-बारा वॅट नुसते तापण्यात जातात. शेल्फवर शंभर ट्यूब असतील तर खोलीत हजार वॅटची शेगडी पेटवल्यासारखे, आणि तीच ऊब काढायला पुन्हा एसी. चोक खोलीबाहेरच्या पट्टीवर बसवले की एसीचे बिल उतरते आणि चोकही टिकतात.

राहिली गोष्ट बदलण्याची. दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबू नका. शेवंतीला शेंड्याच्या उंचीवर साधारण १०० लक्स उजेड पुरतो. तो दोन बल्बच्या बरोबर मध्ये, जिथे सावली दाटते, तिथे मोजा. बल्बखाली मोजलेला आकडा मनाला समाधान देतो, पिकाला नाही. बल्ब लावतानाच बुडावर मार्करने महिना लिहून ठेवा. मावळातल्या त्या मालकांनी यंदा तसे केले आहे, आणि टाइमरही बदलला आहे.

क्रेटमधले ते चाळीस सीएफएल अजून तिथेच आहेत. त्यांत पारा असतो, म्हणून बांधावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका. फुटलाच तर पॉलिहाउसचे पडदे उघडा, पंधरा मिनिटे बाहेर थांबा आणि तुकडे झाडूने न झाडता जाड पुठ्ठ्याने गोळा करा. ई-कचरा घेणाऱ्याकडे एकदम द्यायला क्रेट बरा. त्याला झाकण मात्र लावा.