औषध टाकायचं तर असं टाका

मुदत संपलेल्या गोळ्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबायच्या आणि पिशवी रात्रीच दाराबाहेर ठेवायची, ही घरोघरची रीत. ती किती महागात पडते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बहिणीच्या मजल्यावर अशीच एक पिशवी होती. तिचा अडीच वर्षांचा मुलगा खेळता खेळता त्यातल्या गोळ्यांपर्यंत पोचला. ग्लिमेपिराइड, रक्तातली साखर उतरवणारी गोळी. एक चघळून झाली होती, दुसरी मुठीत होती. काही वेळाने पोर घामाने डबडबलं, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. बहिणीने स्ट्रिप सोबत नेली, म्हणून डॉक्टरांना नेमकं कळलं. ग्लुकोज लावलं, रात्रभर साखर तपासत राहिले. कारण या गोळीने साखर पुन्हा पुन्हा उतरते. मुलगा वाचला.

म्हणून सांगते. औषधांचा डबा अधूनमधून रिकामा करून तारखा बघा. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. मात्र पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप आणि फोडलेले डोळ्यांचे थेंब त्याआधीच बाद होतात.

औषधं बेसिनमध्ये ओतू नका. सांडपाण्याबरोबर ती नदीत जातात आणि अँटिबायोटिकला जंतू सरावतात. अपवाद मॉर्फिन, फेंटानिलसारख्या जहाल वेदनाशामकांचा. ती कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून संडासात टाकून फ्लश करावीत, असं केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली सांगितलं आहे.

बाकीच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढा, न चुरता चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि वर ‘मुदत संपलेली औषधं’ असं ठळक लिहा. रिकाम्या स्ट्रिप कात्रीने कापा. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा. कचरा निवडणाऱ्या ताईंच्या हातात त्या घुसतात. इनहेलर जाळू नका, तो फुटतो. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, तेव्हा डबा ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळाच द्या.

आणि मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढत बसू नका. स्ट्रिप घ्या आणि थेट दवाखाना गाठा, मूल हसतं-खेळतं दिसत असलं तरी.