गुडघ्याचें दुखणें आणि पेशींतील कुलूप

प्रार्थनेच्या वेळीं गुडघे टेकतांना घरांतील वृद्ध माणसें कण्हतात, हें आपण पुष्कळदां पाहतों. ‘वय झालें’ एवढें म्हणून आपण तो विषय सोडून देतों. परंतु त्या कण्हण्यामागें काय असतें, आणि गुडघ्यांत टोंचलेल्या औषधानें तें कांहीं काळ कां थांबतें, याचा येथें थोडा विचार करूं.

सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत आणि मज्जातंतूही नाहींत. म्हणून तें झिजूं लागलें तरी आरंभीं कळत नाहीं, व एकदां झिजलें म्हणजे सहसा भरून येत नाहीं. सांध्याच्या अस्तरास सूज आली व खालच्या हाडावर ताण पडला म्हणजे वेदना होतात. या विकारास अस्थिसंधिवात म्हणतात.

आतां पेशीकडे वळूं. मनुष्यशरीरांत केंद्रकग्राही नांवाच्या प्रथिनांचे ४८ प्रकार आहेत. त्यांपैकीं ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही हा एक. तो पेशींत कुलपासारखा वाट पाहत असतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून येणारें कॉर्टिसॉल ही त्याची किल्ली. किल्ली बसतांच तो केंद्रकांत शिरतो व सूज वाढविणाऱ्या जनुकांचें काम मंद करतो.

१९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं आमवातानें जखडलेल्या एका स्त्रीस अशाच जातीचें कॉर्टिसोन दिलें, आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूंफिरूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. अस्थिसंधिवात हा आमवाताहून निराळा विकार; तरी अस्तराची सूज त्यांतही असते, म्हणून याच जातीचीं औषधें गुडघ्यांत टोंचण्याचा प्रघात पडला.

मात्र उतार पडणें म्हणजे रोग बरा होणें नव्हे. २०१७ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १४० रोग्यांपैकीं निम्म्यांस दर १२ आठवड्यांनीं ट्रायॅम्सिनोलोन व निम्म्यांस केवळ मिठाचें पाणी, असें २ वर्षें टोंचलें. अखेरीस दोन्ही गटांच्या वेदनांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. परंतु औषध घेणाऱ्यांची कूर्चा ०.२१ मिलिमीटर झिजली, तर इतरांची ०.१० मिलिमीटर. याचें एक कारण असें संभवतें कीं, हेंच कुलूप कूर्चेच्या पेशींतही असतें, आणि तेथें तीच किल्ली नवें द्रव्य घडविण्याचें काम मंद करूं शकते.

म्हणून तें औषध टाकाऊ ठरत नाहीं. असह्य वेदनेंत वैद्याच्या सल्ल्यानें घेतल्यास कांहीं आठवडे आराम मिळतो. पण त्या आरामांत स्वस्थ बसून राहूं नये. मांडीचे स्नायू बळकट करणारा नित्य व्यायाम आणि वाजवीहून अधिक असलेलें वजन उतरविणें, हेच या रोगावरील उपायांचे पाये आहेत. किल्ली वैद्याच्या हातीं असेल. परंतु सायंकाळीं आजीचा हात धरून तिला चार पावलें चालविणें, हें आपल्याच हातीं आहे.