धावत्या बैलगाड्याचे चित्रीकरण : स्टुडिओवाल्यांसाठी काही धडे

मोबाइल घरोघर आला आणि गावच्या फोटो स्टुडिओचे पासपोर्ट फोटोचे, बारशाचे काम आटले. लग्नाच्या तारखा सरल्या की कॅमेरा कपाटात पडून राहतो. या धंद्यातील बंधूंनी आता जत्रांमधील शर्यतींच्या कामाकडे लक्ष द्यावे, असे आम्ही सुचवितो. पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. दौंड, बारामती व शिरूर या तिन्ही बाजूंच्या जत्रा तेथून एका दिवसात करून येता येतात.

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली होती. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीला परवानगी लागते व तिला अटी असतात. चित्रीकरणाविषयी त्यात काय लिहिले आहे, ते काम घेण्यापूर्वी आयोजकाकडून वाचून घ्यावे.

हे काम लग्नापेक्षा अवघड आहे. वरमाला चुकली तर पुन्हा घालायला सांगता येते; घाटातली बारी काही सेकंदांत संपते आणि परत होत नाही.

कॅमेरा कोणता? जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात चित्रीकरण करताना आरसा वर जातो आणि डोळ्याच्या खिडकीत अंधार होतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. उन्हात पडदा दिसत नसला तरी खिडकीला डोळा लावून चित्र पाहता येते, आणि फोकसही चालू राहतो.

शटरचा हिशेब. गाडा ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावतो असे धरा. म्हणजे सेकंदाला १० मीटर. शटर १/५० ठेवले तर एका चित्रात गाडा २० सेंटिमीटर सरकतो, चित्र पुसट होते. १/५०० ला तो फक्त २ सेंटिमीटर सरकतो. संथ गतीने दाखवायचे असेल तर १/५०० घ्यावे. नेहमीच्या गतीने दाखवायचे असेल तर २५ चित्रांना १/५० किंवा ५० चित्रांना १/१०० ठेवावे. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते सहज वाटते. भर उन्हात १/१०० ला आयएसओ १०० व छिद्र एफ १६ लागते. छिद्र एफ ४ हवे असेल तर १६ पट प्रकाश अडविणारा एनडी फिल्टर लावावा. रात्रीच्या कबड्डीला दिवे असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तेथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, नाहीतर चित्रात पट्टे येतात.

निशाणाची रेषा. निकालावर वाद झाला की लोक चित्रीकरण मागतात. सेकंदाला २५ चित्रे घेतली तर वरच्याच वेगाने दोन चित्रांत ४० सेंटिमीटरचे अंतर पडते, ५० घेतली तर २०, आणि १०० घेतली तर १०. म्हणून एक कॅमेरा तिपाईवर, बरोबर रेषेच्या समोर, १०० चित्रांवर स्थिर ठेवावा. त्याला हात लावू नये.

फोकस. पुढे घोडी, मागे बैल, मध्ये धुरळा आणि प्रेक्षकांचे हात. फोकस सतत चालणारा ठेवावा, चौकट मोठी घ्यावी आणि दुसऱ्या वस्तूवर उडी मारण्याची संवेदनशीलता कमी करावी. कॅमेरा झटक्याने फिरवला तर खांब तिरके दिसतात, कारण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. एकपायी स्टँड घेऊन कमरेतून सावकाश वळावे. शर्यतीआधी आठवडाभर रस्त्यापासून दूर उभे राहून जाणाऱ्या मोटारसायकलींवर सराव करावा.

जागा. रेषा ओलांडल्यावरही बैल लगेच थांबत नाहीत. म्हणून समोर उभे राहू नये. बाजूच्या उंचवट्यावरून ७०-२०० च्या लेन्सने काम घ्यावे. मैदानात लेन्स बदलू नये. धूळ सदऱ्याने पुसू नये, फुंकणीने उडवावी. उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, त्यावर ओले नव्हे, कोरडे पांढरे फडके धरावे.

कार्ड. १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे कार्ड सुमारे ८५ मिनिटे पुरते. व्ही३० खूण असलेले कार्ड घ्यावे आणि रात्रीच दोन ठिकाणी प्रत काढावी.

शेवटी व्यवहार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. चित्रीकरण स्वतःच्या वाहिनीवर टाकून कमाई करायची असेल तर तसे आधीच लिहून घ्यावे. अर्धी रक्कम आगाऊ, किती मिनिटांचे काम, किती दिवसांत द्यायचे आणि हक्क कोणाचा, या चार गोष्टी एका कागदावर येऊ द्याव्यात. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद टाळला, की पैसाही अडकतो आणि ओळखही जाते.