बडोद्याच्या रयतेची गाऱ्हाणी

मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये बडोद्याच्या गादीवर आले. जड शेतसारा, नजराणे व जुलूम यांविरुद्ध दरबारात दाद मिळेना. तेव्हा रयत, सावकार व सरदार यांनी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याकडे गाऱ्हाणी नेली. १८७३ मध्ये कर्नल मीड यांचे चौकशी मंडळ नेमले गेले. पुढे महाराजांना सुधारणेसाठी १८७५ अखेरची मुदत मिळाली. दरम्यान फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाबाबत चौकशी आयोगात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांचे एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये कुशासनाचे कारण देऊन महाराजांना पदच्युत करण्यात आले. अर्ज रयतेचा होता. निर्णय मात्र परसत्तेचा ठरला. घरचे गाऱ्हाणे घरीच वेळेवर ऐकणे, हाच या प्रकरणाचा धडा होय.